'किती?' : डोंगरावरच्या सुट्टीचा पहिला दिवस

खोलीत सामान टाकलं आणि टोपी काढायला बॅगेत हात घातला, तर मॉइश्चरायझरची बाटली हाताला लागली. टम्म फुगलेली. झाकण फिरवायचा अवकाश, पांढरी धार थेट स्वेटरवर आली. तिच्याखालचा बिस्किटांचा पुडाही उशीसारखा गोल झाला होता. नवऱ्याने टॉवेल आणून दिला आणि आम्ही दोघं त्या बाटलीकडे बघत उभे राहिलो. झाकण लावलं होतं घरी, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला. आता आम्ही होतो २,६०० मीटरवर. घरच्या हवेचा दाब १०० धरला, तर इथे तो ७३ च्या आसपास भरतो. बाटलीत अजून घरचीच हवा कोंडलेली होती आणि ती बाहेर पडायला वाट शोधत होती.

"आपल्यालाही हेच होतंय," हा म्हणाला. "फक्त दिसत नाही."

ते तो सहज बोलला नव्हता. चार वर्षांपूर्वीची सहल आम्हा दोघांच्याही मनात होती.

तेव्हा आम्ही विमानाने थेट ३,५०० मीटरवरच्या गावात उतरलो होतो. हातात पाच दिवस आणि बघायची ठिकाणं नऊ. दुपारी पोहोचलो आणि तासाभरात बाहेरही पडलो. संध्याकाळी जेवताना हा ताटाशी नुसता बसून होता. "दमलोय," म्हणाला. रात्री उलट्या झाल्या, तेव्हा "काहीतरी बाधलं असेल," म्हणाला. सकाळी बाथरूमकडे जाताना त्याचा तोल गेला आणि तो भिंत धरून चालायला लागला. मग मी त्याचं काही ऐकलं नाही. डॉक्टरांनी त्याला फरशीच्या रेघेवरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचं बोट लावत चालायला सांगितलं. पाच पावलंही सरळ पडली नाहीत. नाकाला ऑक्सिजन लावून त्यांनी आम्हाला त्याच दिवशी खाली पाठवलं. हजारभर मीटर उतरलो, तेव्हा कुठे तो माणसात आला.

डोकं पहिल्या संध्याकाळपासूनच ठणकत होतं, हे त्याने नंतर सांगितलं. "तू इतकी खूश होतीस. म्हटलं, कशाला..." सहल बुडाल्याचं मला काही वाटलं नाही. पण माझ्या शेजारी बसून हा माणूस सोसत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो. एवढ्या उंचीवर तोल जायला लागणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते आणि ती सूज जिवावर बेतते. तो एक दिवस आणखी "दमलोय" म्हणत राहिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

म्हणून या वेळी जागा निवडताना ती किती सुंदर आहे यापेक्षा किती उंच आहे हे आधी बघितलं. साधारण २,५०० मीटरच्या पुढे विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. सखल भागातून येणाऱ्याने पहिली रात्र शक्यतो २,७५० मीटरच्या वर झोपू नये असं सांगतात. पुढे ३,००० ओलांडल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दिवसा फिरायला वर गेलं तर चालतं, पण झोपायला खाली यायचं. आम्ही आदली रात्र पायथ्याला, १,२०० मीटरवर काढली. तो प्रवासातला मुक्काम होता. आमच्या लेखी सुट्टीचा पहिला दिवस हाच.

निघण्याआधी डॉक्टरांनाही भेटून आलो होतो. याला आधी त्रास झालेला, म्हणून याला ॲसिटॅझोलामाइड सुरू केलं. १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. या गोळीने श्वास थोडा वाढतो, लघवीही वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. मला सल्फाची ॲलर्जी आहे, म्हणून मला ती दिली नाही. मला आधी काही झालंही नव्हतं. त्यामुळे आम्ही दोघंही लक्ष ठेवणार होतो ते याच्यावर.

आणि एक वही घेतली होती. कॅनडातल्या लेक लुईस इथे १९९१ साली जमलेल्या तज्ज्ञांनी हा त्रास मोजायची एक सोपी पद्धत ठरवली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर, या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकं दुखत असेल आणि एकूण बेरीज तीन किंवा त्याहून जास्त झाली, तर तो विरळ हवेचा आजार धरायचा. वर पोहोचल्यापासून सहा तासांच्या आत मोजू नये असंही त्यात आहे, कारण नुसत्या प्रवासानेही डोकं दुखतं. आम्ही आमच्यापुरता वेगळा करार केला. पोहोचल्यापासून दर दोन तासांनी एकमेकांना "किती?" विचारायचं आणि खरं उत्तर द्यायचं. आमच्या लग्नाला १९ वर्षं झाली आहेत आणि "मला काही होत नाहीये" हे वाक्य आम्ही दोघांनीही इतक्यांदा वापरलंय की त्यावर बंदी घालणंच बरं वाटलं.

सकाळच्या रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मला गाडी लागते, म्हणून पुढे बसले, लांबवर नजर ठेवली आणि फोन पर्समधून काढलाच नाही. घाटवळणांवर कानाच्या आतला भाग सांगतो की आपण वळतोय आणि डोळे फोनवर खिळलेले असले तर ते सांगतात की आपण बसून आहोत. त्या दोघांचं पटेनासं झालं की पोट ढवळतं. कानात दडे बसले, ते आवंढा गिळून आणि जांभया देऊन सुटले. अकरा वाजता पोहोचलो. वहीत पहिली ओळ: त्याचं शून्य, माझं शून्य.

दुपारी काहीही करायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते मला वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं. खिडकीतून समोर हिमशिखरांची रांग दिसत होती. डोळे तिकडे ओढ घेत होते आणि आम्ही खुर्चीत. पडदा सारखा आत फुगत होता. दिवसभर ऊन खाऊन उतार तापतात, त्यांच्यालगतची हवा वर चढते आणि दरीतला वारा तिच्या मागे वर येतो. खोली दरीच्या बाजूला होती, त्यामुळे तो सगळा वारा आमच्या पडद्यात.

याने पल्स ऑक्सिमीटर काढला. माझं बोट आत घातलं तर ८४. आम्ही एकमेकांकडे बघितलं. याने माझा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चांगला चोळला, बोट ऊबदार झालं आणि पुन्हा लावलं. आकडा थोडा हलला, मग ९२ वर थांबला. त्याचा ९३. गार बोटांत रक्त कमी फिरतं आणि यंत्र फसतं. या उंचीवर पहिल्या दिवशी असे आकडे दिसणं नेहमीचं आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की आकड्यापेक्षा माणसाला विचारा. हे यंत्र ज्या युक्तीवर चालतं ती जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधली. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन सुई न टोचता मोजणं सोपं झालं. मला मात्र त्या वेळी हातच जास्त बरे वाटले.

मग आडवं पडून तो मला वाचून दाखवत होता. मला हे फार आवडतं. १५९० साली होसे दे आकोस्ता या स्पॅनिश धर्मगुरूने अँडीज पर्वत ओलांडताना झालेल्या भयंकर उलट्यांचं वर्णन छापलं आणि तिथली हवा माणसाच्या श्वासाला फार पातळ पडत असावी, असं लिहिलं. त्यावर नक्की कारण कळायला जवळजवळ तीनशे वर्षं गेली. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी हवा काढून घेता येईल अशी बंद कोठी केली आणि स्वतः आत जाऊन बसले. दाब कमी होत गेला तशी त्यांना मळमळ सुरू झाली, नजर मंदावली. ऑक्सिजन हुंगला की त्रास जायचा, थांबवला की परत यायचा. १८७८ मध्ये त्यांनी हे सगळं मांडलं. वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण बोलून जातो, पण प्रमाण खाली-वर सारखंच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती कमी लागतं. शरीर मग जोरात श्वास घेतं, नाडी वाढवतं, जास्तीचं पाणी बाहेर टाकतं. नवे रक्तकण तयार व्हायला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी जे काही करायचं ते श्वासानेच.

एक वाजता दोघांचं शून्य. तीन वाजताही शून्य.

साडेतीनच्या सुमाराला माझ्या कपाळात हलकं दडपण आलं. दुखणं म्हणावं असं नव्हतं. टोपी घट्ट बसल्यासारखं होतं, म्हणून टोपी काढून बघितली. तेव्हाच हा गॅलरीतून आत आला. चेहरा खुललेला. मागच्या उतारावरून एक पायवाट वर एका पठारावर जाते आणि तिथून सगळी रांग दिसते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दोनशे मीटरचा चढ. "सावकाश जाऊ. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, धाप लागली की थांबू. सूर्यास्त बघू आणि खाली येऊ." चार वर्षांपूर्वी खाटेवर पडून जे शिखर त्याने खिडकीतून बघितलं होतं, तसंच एक समोर होतं आणि या वेळी तो पायांवर उभा होता.

बूट घालता घालता त्याने विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "शून्य."

तोंडातून गेलं. विचार करून खोटं बोलले असं म्हणता येणार नाही, पण खोटं बोलले हे खरं. कारण तेच, शब्दसुद्धा तेच: हा इतका खूश आहे, कशाला. ज्या वाक्याने मला चार वर्षं टोचलं होतं ते माझ्या मनात आयतं तयार होतं.

मी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला लागले. उजव्या बुटाची. गाठ मारली, ती सुटली, परत मारली. बोटं ठीक होती, गार नव्हती. गाठीकडे बघताना फक्त आता पुढे काय करायचं ते क्षणभर आठवत नव्हतं. हा समोर काठी घेऊन उभा होता. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"दुपारचं सूप तू अर्धं ठेवलंस," तो म्हणाला. "मघापासून एका शब्दात उत्तरं देते आहेस. आणि ही नाडी तू तिसऱ्यांदा बांधते आहेस. किती?"

माझे डोळे भरून आले. "डोकं एक," म्हटलं. "मळमळ... तीही एक असेल."

"कधीपासून?"

"अर्धा तास."

तो रागावला नाही. माझ्या बुटाची नाडी त्याने स्वतः सोडली, मग आपल्या बुटांची सोडली आणि चारही बूट दाराशी ओळीने लावून ठेवले. ते बूट अजून डोळ्यांसमोर आहेत. तळव्यांना वाटेवरच्या मातीचा कणही लागला नव्हता.

"म्हणजे तेव्हा तुला असं झालं होतं," मी म्हटलं.

"हो. असंच. लहान वाटतं. सांगण्याइतकं वाटतच नाही."

मला वाटतं, हा त्रास फसवतो तो इथेच. ऑक्सिजन कमी पडला की पहिल्यांदा मंदावते ती आपली स्वतःबद्दलची पारखच. ज्या डोक्याने ठरवायचं की डोकं दुखतंय का, तेच डोकं थोडं कमी चालत असतं. तब्येत धडधाकट आहे, रोज व्यायाम आहे, याचाही उपयोग नसतो. कोणाला होईल आणि कोणाला नाही हे आधी नक्की सांगता येत नाही. घरी मी रोज तासभर चालते, हा नाही चालत. शेजारच्या माणसाला मात्र दिसतं. सूप उरलेलं दिसतं, नाडी सुटलेली दिसते. जोडीने डोंगरावर जाणाऱ्यांना मी आता हेच सांगते, की आपापलं सांभाळायचं नाही, एकमेकांचं सांभाळायचं.

डॉक्टरांनी दिलेली सूचना साधी होती. सौम्य त्रास असेल तर आहे तिथेच थांबा, आणखी वर जाऊ नका, विश्रांती घ्या, डोक्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. पाणी तहानेप्रमाणे प्या, लिटरवर लिटर पिऊन हा आजार टळत नाही. दारू नको आणि झोपेची गोळी अजिबात नको, कारण झोपेतला श्वास त्यांनी आणखी मंदावतो. त्रास वाढत गेला, तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. गाडीची सोय आहे का, हे याने पोहोचल्या पोहोचल्या विचारून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

गोळी घेतली आणि आम्ही गॅलरीत बसलो. एका रगमध्ये दोघं.

पठारावरून काय दिसलं असतं मला माहीत नाही. गॅलरीतून जे दिसलं ते सांगते. सूर्य आमच्या पाठीमागच्या बाजूला मावळत होता. समोरची शिखरं आधी पिवळी झाली, मग केशरी, मग दोन-तीन मिनिटं अशी लाल की आतून दिवा लावलाय असं वाटावं. मग खालून वर विझत गेली. सगळ्यांत उंच टोक सगळ्यांत शेवटी. आणि ती विझल्यावर त्यांच्यामागे पूर्वेच्या आकाशात क्षितिजालगत एक निळसर-करडा पट्टा वर यायला लागला, त्याच्यावर फिकट गुलाबी. "ढग आले," मी म्हटलं. "ढग नाहीत," हा म्हणाला, "ती पृथ्वीची सावली आहे. आपण ज्या गोळ्यावर बसलोय त्याची सावली हवेवर पडते." इतकी वर्षं सूर्यास्त बघताना मी सूर्याकडेच बघत होते, पाठ वळवून दुसरीकडे कधी बघितलंच नव्हतं. पट्टा हळूहळू वर चढला आणि रात्रीत मिसळून गेला. तोवर डोकं मोकळं झालं होतं. सात वाजता वहीत लिहिलं: डोकं शून्य, मळमळ शून्य, थकवा एक. हा हिशेब सहा तासांनंतरचा होता, म्हणजे नियमाने धरायचा.

सूर्य गेल्यावर थंडी एकदम अंगावर आली. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे घरापेक्षा सतरा-एक अंश तसंही कमी. त्यात कोरडी, विरळ हवा दिवसाची ऊब धरून ठेवत नाही. चहाचं पाणी इथे ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा खळखळून उकळला तरी घोट घेताना घरच्याइतका चटका बसत नाही. या वेळी पूर्ण प्यायले. जेवण थोडं आणि लवकर घेतलं, आणि नऊला अंथरुणात.

झोप तुकड्या-तुकड्यांनी लागली. लघवीला दोनदा उठले, शरीर पाणी टाकत होतं. दुसऱ्यांदा परत येताना खिडकीशी थांबले, तर पडदा आत फुगायचा सोडून काचेला चिकटून होता. रात्री उतार गार पडतात, जड हवा दरीकडे वाहायला लागते आणि वारा उलटा फिरतो. दिवसभर डोंगराने श्वास आत घेतला होता आणि आता तो सोडत होता, असं वाटलं.

परत आडवी झाले आणि याचा श्वास ऐकू आला. आधी हलका, मग मोठा, आणखी मोठा, मग उतरत उतरत अगदी बारीक. आणि थांबला. मी मोजलं. एक, दोन, तीन... आठ, नऊ. माझा हात त्याच्या छातीकडे गेला. मग एक खोल सुस्कारा आला आणि श्वास पुन्हा चढायला लागला. हे मी वाचलं होतं. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूला वाटतं आता श्वासाची घाई नाही, तो जरा थांबतो. तेवढ्यात ऑक्सिजन उतरतो आणि तो पुन्हा जोर लावतो. चेन आणि स्टोक्स या डब्लिनमध्ये काम केलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या दोन डॉक्टरांची नावं या लयीला आहेत. उंचीवरच्या झोपेत धडधाकट माणसालाही हे होतं आणि ते धोक्याचं लक्षण नाही. सगळं माहीत होतं. तरी मी सात-आठ वेळा मोजत राहिले, हात छातीवर तसाच ठेवून.

त्या हातानेच त्याला जाग आली असावी. डोळे न उघडता त्याने विचारलं, "किती?"

"शून्य."

"खरं?"

"खरं. तुझं?"

उत्तर यायच्या आधी तो परत झोपला होता.